हार्ड डिस्कवरून व्हिडिओची ने-आण

मोठ्या व्हिडिओ फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायच्या असल्या की महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या स्टुडिओंमध्ये आजही हार्ड डिस्कच हातात घेतली जाते. याला कारण जुन्या सवयीपेक्षा साधे गणित आहे. ४के चित्रीकरण करणारा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने लिहीत असेल, तर तासाभरात ४५ जीबी होतात. साखरपुडा, हळद आणि लग्न मिळून तीन कॅमेरे चार-चार तास चालले की ५०० जीबी सहज ओलांडले जातात, ड्रोनचे वेगळेच. ५० मेगाबिटची अपलोड मिळाली तरी एवढा डेटा चढवायला २२ तासांहून अधिक लागतात, आणि सलग २२ तास नेट व वीज दोन्ही टिकतील असे तालुक्याच्या गावी कोणी धरून चालत नाही. तीच डिस्क साताऱ्याहून एसटीने निघाली तर तीन तासांत पुण्यात पोचते. म्हणजे एसटीचा वेग सेकंदाला साधारण ३७० मेगाबिट पडला, तोही वाटेत चहाला थांबून.

यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या प्रकल्पातल्या दुर्बिणींनी २०१७ साली कृष्णविवराची जी निरीक्षणे नोंदवली, ती सुमारे ५ पेटाबाइट भरली. ती हार्ड डिस्कवर भरून विमानाने अमेरिकेतल्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉनला नेण्यात आली. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरून विमाने उडू लागेपर्यंत अडकून पडल्या होत्या.

वाटेत सहसा काही बिघडत नाही. अडचणी दोन्ही टोकांना असतात. कॅमेऱ्याच्या कार्डातला रॉ डेटा आधी स्टुडिओतल्या विंडोज संगणकावर उतरतो. एडिटर बहुधा मॅकवर बसलेला असतो. लघुपट किंवा चित्रपट असेल तर शेवटची प्रत सिनेमागृहाच्या सर्व्हरवर जाते, आणि तो बहुतेक वेळा लिनक्सवर चालतो. या तिन्ही यंत्रणा डिस्कवर माहिती मांडण्याची आपापली पद्धत वापरतात, तिलाच फाइल सिस्टीम म्हणतात. डिस्कला स्वतःला व्हिडिओ कळत नाही. तिच्यात असतात फक्त क्रमांक दिलेले ठोकळे. कोणत्या ठोकळ्यात कोणत्या फाइलचा कोणता भाग आहे, तिचे नाव काय, आकार किती, ही सगळी नोंद फाइल सिस्टीमने ठेवायची. ती नोंद समोरच्या संगणकाला वाचता आली नाही तर डिस्क धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते.

स्टुडिओत नव्याने काम शिकणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी ठेच लागते ती फॅट३२ या मांडणीची. पेनड्राइव्हवर ५०–६० जीबी जागा रिकामी दिसत असते, फाइल असते ७ जीबीची, आणि विंडोज सांगते की फाइल फार मोठी आहे. मुलगा जागा करायला म्हणून जुन्या फाइली उडवत बसतो, तरी संदेश तोच. याचे कारण असे की १९९६ मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेल्या या मांडणीत फाइलचा आकार ३२ बिटांच्या आकड्यात लिहितात. त्या आकड्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. त्याहून एक बाइट जास्त असलेली फाइल लिहिताच येत नाही, मग डिस्कवर कितीही जागा असो. त्या काळात ४ जीबीची एक फाइल ही कल्पनाच दूरची होती. आज प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारातला १०८०चा व्हिडिओ २५ फ्रेमच्या हिशोबाने सेकंदाला १८४ मेगाबिट खातो, म्हणजे तीन मिनिटे झाली की ही मर्यादा संपते.

कॅमेरे बनवणाऱ्यांनी यावर आपला तोडगा काढला: ४ जीबी भरले की फाइल बंद करायची आणि पुढची उघडायची. त्यामुळे सलग चाललेले भाषण किंवा सप्तपदी कार्डावर तुकड्यांत सापडते. गोप्रोच्या फाइली इथे हमखास चकवतात. जीएक्स०१००३४ या नावात आधीचे ०१ म्हणजे तुकड्याचा क्रमांक आणि शेवटचे ००३४ म्हणजे चित्रीकरणाचा. याच चित्रीकरणाचा दुसरा तुकडा जीएक्स०२००३४ असतो. पण नावानुसार क्रम लावला की दोघांच्या मध्ये जीएक्स०१००३५ हे वेगळेच चित्रीकरण येऊन बसते. घाईत असलेला माणूस तो क्रम तसाच टाइमलाइनवर टाकतो, आणि वरात निघाल्यावर पुन्हा मंगलाष्टके सुरू होतात. कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या फोल्डरांची उतरंडही जशीच्या तशी घ्यावी लागते. आतली फक्त व्हिडिओ फाइल उचलून बाकीचे ‘कामाचे नाही’ म्हणून सोडले, तर तुकडे जोडण्यासाठी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला लागणारी माहिती मागेच राहते. म्हणून जाणते लोक कार्ड रिकामे करताना आत काय आहे ते पाहतसुद्धा नाहीत. तारीख व कॅमेऱ्याचे नाव देऊन एक फोल्डर करतात आणि अख्खे कार्ड त्यात ओततात.

फॅट३२ सोडून विंडोजची स्वतःची एनटीएफएस मांडणी घेतली तर आकाराचा प्रश्न सुटतो आणि मॅकचा सुरू होतो. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. डेटा देणाऱ्याला ही अडचण कळतच नाही, कारण एडिटरला सगळ्या क्लिप दिसतात, चालतात, आपल्या मशीनवर ओढूनही घेता येतात. आठ-दहा दिवसांनी तयार फिल्म त्याच डिस्कवर परत टाकायची वेळ येते तेव्हा डिस्क काही घेईना. पैसे देऊन घ्यायचे ड्रायव्हर मिळतात आणि ते नीट चालतातही. पण डिस्क ज्या ज्या मॅकला लागणार त्या प्रत्येकावर ते असावे लागतात. लिनक्सची गोष्ट बरी आहे. तिथे एनटीएफएस लिहिता-वाचता येते. फक्त विंडोजने ती डिस्क अर्धवट झोपेच्या अवस्थेत सोडलेली असेल, तर लिनक्स सावधगिरीने ती केवळ वाचण्यापुरती उघडतो.

उलट्या दिशेचा प्रकार अधिक धोक्याचा आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस किंवा २०१७ नंतरची एपीएफएस मांडणी असलेली डिस्क विंडोजला लावली, तर कधी ती दिसतच नाही, आणि कधी ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न समोर येतो. विंडोजच्या दृष्टीने ते खरे असते, तिला त्या डिस्कवर ओळखीचे काही सापडलेले नसते. पण ज्याने डिस्क लावली तो स्टुडिओतला मदतनीस असेल आणि मालक बाहेर शूटवर गेला असेल, तर त्या प्रश्नाखालचे बटण दाबले जाण्याची शक्यता भरपूर असते. मॅकवर तयार झालेल्या डिस्कवर ठळक अक्षरात ‘फक्त मॅक’ अशी चिठ्ठी चिकटवण्याची पद्धत यातूनच पडली आहे. ती कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

राहता राहिली एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ही मांडणी २००६ मध्ये आणली, मॅकला ती १०.६.५ पासून चालते, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. फाइलचा आकार इथे ६४ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे व्हिडिओवाल्याला मर्यादा अशी उरत नाही. मोठी एसडी कार्डे मुळात याच मांडणीत येतात. मोठ्या फाइली घेणारी, तिन्ही यंत्रणांमध्ये लिहिता-वाचता येणारी, वर काही बसवावे न लागणारी दुसरी इतकी सोपी सोय नाही, म्हणून ने-आणीची डिस्क एक्सफॅट असावी हे आता जवळपास सगळीकडे मान्य झाले आहे.

मात्र तिची एक कमजोरी माहीत असायलाच हवी. एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या मांडण्या नोंदींत बदल करण्याआधी ‘हे करणार आहे’ असे टिपून ठेवतात. एपीएफएस जुन्या नोंदीला हात न लावता नवी दुसरीकडे लिहिते. मध्येच वीज गेली तर परत येऊन कुठपर्यंत आलो होतो हे त्यांना कळते. एक्सफॅटमध्ये अशी काही तजवीज नाही. कॉपी चालू असताना केबल हलली, लोडशेडिंग झाले, कोणी टेबलाला धक्का दिला, की नोंदींचा ताळमेळ जाऊ शकतो. त्यानंतर विंडोज डिस्क तपासण्याचा आग्रह धरते, आणि तपासणीत सापडलेले बेवारस तुकडे नाव-गाव नसलेल्या फाइलींच्या रूपात एका फोल्डरमध्ये कोंबून ठेवते. मॅकवर त्याच डिस्कचे चित्र पडद्यावर उमटत नाही, दिवा मात्र लुकलुकत राहतो. डिस्क मेली असे समजून लोक ती उपटतात, पुन्हा लावतात, पुन्हा उपटतात. खरे तर मॅक त्या वेळी मागच्या बाजूला तिची तपासणी करत असतो. मोठ्या, भरलेल्या डिस्कला त्यात बराच वेळ लागतो, आणि दर वेळी उपटले की तपासणी पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून तपासणीचे काम चालू आहे का ते पाहावे आणि चालू असेल तर डिस्कला हात न लावता थांबावे. बहुतेक वेळा डिस्क परत येते.

यावरूनच एक्सफॅटची योग्यता ठरते. ती वाहतुकीसाठी उत्तम, साठवणीसाठी वाईट. डेटा एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर ठेवेपर्यंत ती वापरावी. वर्षभराच्या लग्नांचा एकमेव साठा तिच्यावर ठेवणारा स्टुडिओ नशिबावर हवाला ठेवून असतो.

फॉरमॅट करताना आणखी एक गोष्ट निवडायची असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही: डिस्कच्या विभागणीचा तक्ता. जुना एमबीआर तक्ता २ टीबीच्या पुढे जात नाही, नवा जीपीटी जातो. मॅकवर जीपीटी घेतला की डिस्कच्या सुरुवातीला २०० एमबीचा एक लपलेला विभागही तयार होतो. संगणकांना त्याचे काही वाटत नाही. पण नवरीच्या वडिलांनी तीच डिस्क घरच्या जुन्या टीव्हीला लावली तर टीव्हीला त्या पहिल्या विभागात काहीच दिसत नाही आणि रात्री साडेदहाला फोन येतो. गिऱ्हाइकाला द्यायची प्रत म्हणून वेगळ्या, लहान पेनड्राइव्हवर द्यावी, आणि ती शक्यतो विंडोजवर फॉरमॅट केलेली असावी.

आता प्रत्यक्ष कॉपी. वेगाची तक्रार आली की दोष डिस्कला दिला जातो. बऱ्याचदा तो केबलचा असतो. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०–३५ एमबी मिळतात, म्हणजे ५०० जीबीला साडेचार तास. यूएसबी ३.० वर साधी फिरती पोर्टेबल डिस्क ११० एमबीच्या आसपास देते आणि तेच काम सव्वा तासात होते. एसएसडी असेल तर वीस मिनिटांच्या आत. पोर्टेबल डिस्कचे ते रुंद, दोन भागांचे तोंड नीट पाहिले तर त्यातला मोठा भाग जुन्या फोनच्या चार्जिंग केबलच्या मापाचा असतो. ती केबल तिथे चपखल बसते, डिस्क चालूही होते, आणि चालते यूएसबी २.० च्या वेगाने. सी प्रकारच्या केबलींत तर बाहेरून काहीच ओळखू येत नाही. फोनबरोबर आलेल्या कित्येक केबली केवळ चार्जिंगच्या हिशोबाने बनवलेल्या असतात आणि डेटाला जुनाच वेग देतात. चांगल्या स्टुडिओत डेटाच्या केबलला रंगीत टेप गुंडाळलेली असते आणि ती कोणी चार्जिंगला नेली तर आरडाओरडा होतो, तो रास्तच आहे.

केबल बरोबर असूनही वेग अर्ध्या वाटेत कोसळतो, याचीही कारणे आहेत. स्वस्त एसएसडी आपल्या एका जलद भागात आधी भराभर लिहून घेतात. तो भरला की वेग घसरतो. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. तिथे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे भरलेली डिस्क पुसून पुन्हा भरताना ती मंदावते. सुरुवातीचा वेग पाहून एडिटरला ‘अर्ध्या तासात निघतो’ असे कोणी कळवू नये.

कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली म्हणजे डेटा डिस्कवर गेला, ही समजूत सगळ्यात महाग पडते. विशेषतः लिनक्सवर. तिथे डेटा आधी मेमरीत घेतला जातो आणि डिस्कवर मागाहून उतरवला जातो. पडद्यावर काम झालेले असते आणि डिस्क पुढची कित्येक मिनिटे लिहीत असते. ‘इजेक्ट’ म्हटल्यावर जो वेळ लागतो तो याचाच. विंडोजवर वेगळी गंमत आहे. ती कॉपी सुरू करतानाच फाइलच्या पूर्ण आकाराची जागा राखते, त्यामुळे मध्येच केबल निघाली तर पूर्ण आकाराची दिसणारी पण निम्मी पोकळ फाइल मागे राहू शकते. आकार जुळला, म्हणजे फाइल आली, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

आकार जुळवणेही वाटते तेवढे सरळ नाही. विंडोज १०२४ने भागते आणि मॅक २००९ पासून १०००ने. त्यामुळे विंडोजवर ५० जीबी दिसणारी फाइल मॅकवर ५३.७ जीबी दिसते, आणि १ टीबीची नवीकोरी डिस्क विंडोजवर ९३१ जीबी. फोनवरून आकडे ताडून पाहणारे दोघे यावरून एकमेकांशी भांडू शकतात, भांडतातही. ताडायचेच तर माहितीच्या खिडकीतले बाइटचे पूर्ण आकडे ताडावेत.

खरी खातरजमा होते ती चेकसमने. फाइलमधला प्रत्येक बाइट एका गणिती प्रक्रियेतून नेला की शेवटी ठरावीक लांबीची अक्षरांची ओळ मिळते. एमडी५ची ३२ अक्षरांची, एसएचए-१ची ४०. मूळ फाइलची ओळ आणि प्रतीची ओळ सारखी आली तर दोन्ही फाइली सारख्या. एक बिट जरी पालटला तरी ओळ पार बदलते. एमडी५ सुरक्षेच्या कामातून बाद झाली आहे, कारण मुद्दाम फसवणूक करणाऱ्याला ती चकवता येते. केबल हलली की नाही एवढेच तपासायला ती आजही पुरते. मुंबईत मोठ्या चित्रीकरणावर हे काम करायला वेगळा माणूस असतो, त्याला डीआयटी म्हणतात, आणि त्याच्याकडे शॉटपुट प्रोसारखी सॉफ्टवेअर असतात. साताऱ्याच्या किंवा लातूरच्या स्टुडिओला तेवढा खर्च करायची गरज नाही. विंडोजवर टेराकॉपी, मॅक आणि लिनक्सवर आरसिंक हे काम करतात, आणि चेकसम काढण्याची आज्ञा तर तिन्ही यंत्रणांत आधीपासूनच असते. फक्त कॉपी संपल्या संपल्या लगेच तपासले तर संगणक डिस्कऐवजी स्वतःच्या मेमरीतूनच उत्तर देण्याची शक्यता असते. डिस्क काढून पुन्हा लावावी आणि मग तपासावी. तपासणी म्हणजे पुन्हा एकदा सगळे वाचणे, म्हणून ५०० जीबीला आणखी सव्वा तास. लगीनसराईत हाच सव्वा तास वाचवायचा मोह होतो.

चेकसम काढायला वेळच नसेल तर निदान प्रत्येक फाइल उघडून शेवटच्या काही सेकंदांवर नेऊन पाहावी. एमपी४ आणि एमओव्ही फाइलींत कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची बहुधा फाइलच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. ती शेपटी कापली गेली, तर आधीचे ९५ टक्के चित्रीकरण डिस्कवर असूनही फाइल उघडतच नाही.

नावांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. विंडोजला नावात : ? * ही चिन्हे चालत नाहीत, लिनक्सला चालतात. लिनक्स मोठी-लहान रोमन अक्षरे वेगळी मानतो, विंडोज मानत नाही. पण देवनागरीत नावे देणाऱ्यांची अडचण याहून बारीक आहे. ‘दुसऱ्या दिवशी’ असे नाव विंडोजवर दिले तर त्यातला ऱ एकाच सांकेतिक क्रमांकाने साठवला जातो. मॅकची एचएफएस प्लस मांडणी तोच ऱ फोडून साधा र आणि खालचा नुक्ता असा दोन क्रमांकांत लिहिते. डोळ्यांना दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण बाइट वेगळे असतात. मग लिनक्सवरची आरसिंक तीच फाइल नवी समजून दुसऱ्यांदा कॉपी करते, किंवा एडिटिंगचा प्रोजेक्ट समोर दिसणारी फाइल सापडत नाही म्हणून हटून बसतो. शिवाय ईएक्सटी४वर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम ८५ चिन्हे. ‘चि. सौ. कां.’पासून सुरू होणारे आणि दोन्ही कुटुंबांची गावे सांगणारे नाव त्यात बसत नाही. फाइलींना रोमन लिपीत छोटे नाव आणि तारीख द्यावी, मराठी मजकूर सोबतच्या कागदावर लिहावा. मराठीचा अभिमान फिल्मच्या शीर्षकात दाखवायला भरपूर जागा असते.

मॅकवरून एक्सफॅट डिस्कवर गेलेल्या बहुतेक फाइलींबरोबर विंडोजवर आणखी एकेक फाइल दिसते. तिचे नाव तेच, पण आधी टिंब आणि अधोरेषा, आणि आकार बहुधा ४ केबी. मॅक आपली जादा माहिती ठेवण्यासाठी ती बनवतो. मॅकवर ती लपलेली असते, म्हणून पाठवणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो. घेणारा मात्र त्या ४ केबीच्या फाइलवर क्लिक करतो, ती चालत नाही, आणि ‘सगळा डेटा करप्ट आलाय’ असा निरोप जातो. त्या फाइली बिनदिक्कत उडवाव्यात.

डिस्क दुसऱ्या मशीनवर गेली की प्रोजेक्टमधले पत्तेही बदलतात. विंडोजवर डिस्क एखाद्या अक्षराने ओळखली जाते आणि ते अक्षर उद्या वेगळे असू शकते. मॅक डिस्कच्या नावाने ओळखतो, आणि त्याच नावाची दुसरी डिस्क आधीच लावलेली असेल तर नव्या डिस्कच्या पत्त्याला मुकाट्याने १ जोडतो. स्टुडिओतल्या पाचही डिस्कचे नाव कंपनीने दिलेलेच राहू दिले असेल तर गोंधळ ठरलेला. प्रत्येक डिस्कला वेगळे नाव आणि तेच नाव तिच्या पाठीवर मार्करने, एवढे केले तरी पुष्कळ वाचते.

फाइल शाबूत पोचूनही चालेलच असे नाही. वऱ्हाडी मंडळींनी आयफोनवर काढलेल्या क्लिप २०१७ पासून बहुधा एचईव्हीसी प्रकारात असतात. विंडोजवर त्यासाठीची जोडणी बसवलेली नसेल तर आवाज येतो आणि चित्र काळे. हा दोष ने-आणीचा नाही, तरी त्याचे खापर फुटते डिस्क देणाऱ्यावरच.

सिनेमागृहाकडे जाणाऱ्या डिस्कची तऱ्हा निराळी. तिथे डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, लागतो, त्यात प्रत्येक फ्रेम जेपीईजी २००० प्रकारात असते आणि वरची मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात नुसत्या चित्राचे जास्तीत जास्त २२५ जीबी. महोत्सवांच्या सूचनापत्रात डिस्क ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ मध्ये, आणि आयनोड (प्रत्येक फाइलच्या नोंदीचा कप्पा) १२८ बाइटचा, असे लिहिलेले आढळते. विंडोज-मॅकवर आयुष्य गेलेल्या दिग्दर्शकाला ही ओळ छापखान्याची चूक वाटते. पण ती शब्दशः पाळायची असते. आजचा लिनक्स स्वतःहून २५६ बाइटचा आयनोड घेतो आणि जुन्या सर्व्हरना तो वाचता येत नाही. डीसीपीची एक बाजू मात्र इतरांनी उचलण्यासारखी आहे. प्रत्येक फाइलचा चेकसम पाकिटातच असतो आणि सर्व्हर डेटा उतरवून घेताना तो पडताळतो. चित्रपट कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली वेगळ्या छोट्या फाइलने, ठरावीक मुदतीची, येते; म्हणून डिस्क वाटेत दुसऱ्याच्या हाती लागली तरी काही बिघडत नाही. लग्नाच्या किंवा माहितीपटाच्या डिस्कला असे संरक्षण नसते. ती पार्सलने जाते तेव्हा मूळ प्रत मागे ठेवूनच गेली पाहिजे, आणि एडिटरकडून ‘सगळे उघडले’ असा निरोप येईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डे पुसायची नाहीत.

साठवणीच्या डिस्कचा प्रश्न वेगळा. ती एकाच यंत्रणेच्या मांडणीत ठेवावी, दोन प्रती दोन जागी असाव्यात, आणि एसएसडी ही वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही हे लक्षात ठेवावे. डिस्क टिकली तरी ती लावायची भोके टिकत नाहीत. २००० नंतरच्या दशकात मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवलेले तासाला १३ जीबीचे चित्रीकरण मराठी स्टुडिओंनी, नाटकवाल्यांनी आणि माहितीपट करणाऱ्यांनी फायरवायर या जुन्या जोडणीच्या डिस्कवर ठेवले. फायरवायरचे तोंड मॅकवरून केव्हाच गेले, आणि २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ने त्याचा आधारही काढून घेतला. अशा डिस्क ज्यांच्या कपाटात असतील त्यांनी जुना मॅक भंगारात देण्याआधी त्या रिकाम्या करून घ्याव्यात.